दोन टाचांचं पाऊल

धुराडं थंड पडून चार महिने झाले होते, तेव्हा आईचा फोन आला. मी नागपुरात, प्रताप नगरच्या ऑफिसात जेवणाचा डबा उघडत होते. आई फोनवर वेळ घालवत नाही. कशी आहेस, जेवलीस का, असलं काही विचारायची तिला सवय नाही.

"राख येऊन राहिली वं घरात," ती म्हणाली.

मी चिडले. माझं डोकं लवकर तापतं, आणि जिथे चूक आपलीच असण्याची शक्यता असते तिथे तर जास्तच. मी म्हटलं, भट्टी बंद, कोळशाची गाडी बंद, मग राख येते कुठून? चुलीची असेल. आई म्हणाली, घरात गॅस आहे, आणि तो तूच घेऊन दिला आहेस. एवढं बोलून तिने फोन ठेवला.

नागपूरच्या उत्तरेला कोळशावरची वीज केंद्रं आहेत. त्यातल्या एकाच्या राखेच्या तळ्याखाली आमची वस्ती. कोणतं केंद्र ते सांगत नाही, सांगून कोणाचं भलं होणार नाही. कोळसा जळला की उरलेली राख पाण्यात कालवून मोठ्या पाइपातून या तळ्यात सोडायची, अशी पद्धत. तळ्याला मातीची उंच पाळ, आणि पाळीच्या या बाजूला आमची साठ-सत्तर घरं, एक विहार आणि एक शाळा. अख्ख्या शहराला तिथून वीज जायची आणि आम्ही दहावीचा अभ्यास कंदिलावर केला. दिव्याखाली अंधार म्हणतात तो आम्ही राहून पाहिला आहे. वस्तीत ताटं पालथी घालून मांडतात आणि भाजी वाढतानाच सुलटी करतात. दोरीवरचा कपडा तीनदा झटकल्याशिवाय कोणी अंगात घालत नाही. शहरात, बेसाच्या माझ्या फ्लॅटमध्ये मी अजून टॉवेल तीनदा झटकते आणि शेजारीण माझ्याकडे बघत राहते.

त्या रविवारी मी घरी गेले. आईने उंबरठ्याकडे बोट दाखवलं. दार बंद होतं, खिडकीला ओलं फडकं लावलेलं होतं, तरी उंबरठ्याच्या आत राखेची एक बारीक रेघ पडली होती. धुराडं चालू असताना राख सगळीकडे सारखी पडायची, तिची आम्हाला सवय होती. ही राख तशी पडत नव्हती. ती जमिनीवरून सरपटत यायची, दाराखालून आत शिरायची आणि भिंतीच्या कडेने पुढे जायची. आईने सकाळीच घर पुसलं होतं. दुपारी दोनच्या सुमाराला वारा सुटला आणि माझ्या डोळ्यांदेखत ती रेघ बोटभर पुढे सरकली.

आणि शांतता. जन्मल्यापासून आमच्या कानात त्या केंद्राची घरघर होती. ती थांबल्यावर वस्तीतली माणसं उगाच मोठ्याने बोलायची, मग आपलाच आवाज ऐकून गप्प व्हायची. शाळा उन्हाळ्याच्या सुट्टीसाठी बंद होती. खिडकीतून पाहिलं तर प्रत्येक बाकावर राखेचा सारखा थर होता, आणि फरशीवर कसलीच खूण नव्हती, पालीचीसुद्धा नाही.

आता माझं काम सांगते, म्हणजे मी का चिडले ते कळेल.

लॉकडाऊननंतर लोकांची कामं गेली होती. बाजार पुन्हा उभा करायला सरकारने पैसा सोडला, पण अट घातली की नुसता पैसा खर्च करून चालणार नाही, हातांना काम मिळालं पाहिजे आणि हवेतला धूरही कमी झाला पाहिजे. प्रत्येक प्रस्तावात दोन रकाने असायचे. एकात नवे रोजगार, दुसऱ्यात कमी होणारा धूर. असे प्रस्ताव लिहून देणारं आमचं ऑफिस, आणि रकाने भरणारी मी. बोलायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात एक रकाना भरायला गेलं की दुसरा रिकामा होतो. सगळं यंत्राने केलं तर धूर कमी आणि हात रिकामे. सगळं हातांनी केलं तर काम वेळेत होत नाही. दोन्ही सांभाळून लिहिणं हीच माझी हुशारी होती आणि मला तिचा गर्व होता.

आमच्याच गावचं केंद्र माझ्या टेबलावर आलं. वीज बनवणारा उरलेला एकच जुना संच बंद करायचा, मोकळ्या जागेवर सौर पॅनल बसवायचे, असा प्रस्ताव. मी आजही म्हणते, ते धुराडं बंद व्हायलाच हवं होतं. माझी आजी त्याच धुराने खोकून खोकून गेली. कायम नोकरीवाल्यांची बदली होणार होती. कोळसा वाहणाऱ्या ठेक्याच्या माणसांना पॅनल बसवायचं शिक्षण मिळणार होतं. केंद्राकडून आलेल्या यादीत सगळ्यांची नावं होती. नव्हती ती फक्त पाणी मारणाऱ्यांची.

पाणी मारणारे म्हणजे आठ माणसांची टोळी. तळ्यातली राख कोरडी पडू द्यायची नाही, रोज पाइप फिरवून ती ओली ठेवायची, एवढंच त्यांचं काम. कागदोपत्री ते 'किरकोळ कामे' या ओळीत जमा होते. एकतीस वर्षं त्यांना कोणी हजेरीच्या वहीत घेतलं नाही. त्या टोळीचा म्होरक्या म्हणजे माझे बाबा.

मला ते माहीत नव्हतं असं कसं म्हणू? त्यांच्याच डब्यातलं खाऊन मी मोठी झाले. प्रस्ताव लिहीत होते त्या दिवसांत बाबा जेवताना एकदा म्हणाले होते की तळ्याचं पाणी तुटलं तर राख उडेल, पाहजो. मी म्हटलं, बाबा, रिपोर्ट लिहून झाला. खरं सांगायचं तर मला आत कुठेतरी बरं वाटलं होतं. साठी उलटलेला माणूस, छातीत घरघर, आता तरी काम सुटेल आणि बेसाला माझ्याकडे राहायला येतील. म्हणून मी टोळीची ओळ रिकामीच सोडली. धुराच्या रकान्यात राखेपुढे शून्य लिहिलं, कारण कोळसा जळणार नव्हता. संच थांबला, पाइपातून पाणी येणं थांबलं, टोळी घरी बसली, आणि उन्हाळ्यात तळं वाळलं. मी लिहिलेलं शून्य आता आईच्या उंबरठ्याखालून आत येत होतं.

त्याच रविवारी वस्तीत दुसरी गोष्ट ऐकली. बाया कुजबुजत होत्या की तळ्यावर भरदुपारी पांढरा माणूस फिरतो. शेळ्या चारणाऱ्या एका बाईने पाहिला होता. पायापासून डोक्यापर्यंत राखेच्या रंगाचा, सावली न पडणारा. आणि सगळ्यात वाईट म्हणजे पावलं. पाळीपासून निघून तळ्याच्या मधोमध गेलेली पावलं सगळ्यांनी पाहिली होती, परत येणारी कोणालाच दिसली नव्हती. रोज नवी पावलं, रोज फक्त जाणारी. वस्तीतली कुत्री दुपारी पाळीवर चढून मधोमध बघत उभी राहायची आणि भुंकायची नाहीत.

आमच्या घरी भूतबित मानत नाहीत. बाबांनी आयुष्यभर विहारात पोरांना हेच शिकवलं. मी बाबांकडे बघितलं, की ते आता या बायांना काहीतरी सुनावतील. ते खाली मान घालून ताट पुसत होते.

दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून मी दुपारी एकला पाळीवर चढले. मे महिन्यातलं नागपूरचं ऊन, त्याबद्दल काय सांगायचं. समोर तळं पसरलेलं, पाण्याचा थेंब नाही, पांढरं फटक, आणि त्यावर हवा हलत होती. तळ्याच्या मधोमध दगडी विहीर आहे. तिच्या कडेला एक मोठा व्हॉल्व्ह. तळ्यापलीकडच्या वेगळ्या खड्ड्यात जुनं पाणी साठलेलं असतं, ते या चाकाने इकडे सोडता येतं. पूर्वी तिथवर लोखंडी पूल होता, तो संच बंद झाल्यावर भंगारात गेला. आता नुसती पावलं गेली होती. एकामागे एक, सरळ, मध्येच वळसा घेतलेली. मी डोळ्यांनी मागोमाग गेले तर विहिरीपाशी काहीतरी हललं.

माणूस होता. राखेचाच. तो वाकला, चाक फिरवू लागला, आणि त्या शांततेत लोखंड कुरकुरल्याचा आवाज एवढा स्पष्ट आला की माझ्या अंगावर काटा आला. मग वस्तीकडच्या बाजूची राख काळी पडत चालली, हळूहळू, ओल पसरत आली. तो माणूस विहिरीच्या भिंतीआड सावलीत गेला आणि दिसेनासा झाला. जवळजवळ तासभर काहीच नाही. मी हलले नाही. पळून जावंसं वाटत होतं, हे कबूल करते. शेवटी तो बाहेर आला, चाक बंद केलं, डोक्याचा दुपट्टा सोडून झटकला. तीनदा.

तेव्हा मी ओळखलं.

ते परत येत होते ते खाली बघत, एकेक पाऊल मोजून टाकल्यासारखे. पाळीवर मला पाहून त्यांना ना आश्चर्य वाटलं ना लाज. मीच ओरडले. काय काय बोलले ते आता आठवत नाही. वेड लागलं का, मरायचं आहे का, असलं बरंच काही. त्यांनी बोलू दिलं. माझं तापणं उतरल्यावर म्हणाले, "तुह्या आईच्या ताटात राख पडून राहिली. मी काय पाहत बसू?"

मी म्हटलं, तळं धोक्याचं आहे, वरून वाळलं तरी खाली गाळ असतो. ते हसले. हे मी त्यांना सांगत होते! वर साय आणि खाली दूध, असंच ते तळं असतं. साय कुठे जाड आहे ते फक्त पाणी मारणाऱ्यांना ठाऊक. म्हणून त्यांच्या टोळीत एक नेम होता. नवा माणूस आला की पहिल्या दिवशी तो जुन्या माणसाच्या पावलात पाऊल ठेवून जायचा आणि येताना त्याच पावलांतून यायचा. पाऊल मोडायचं नाही. एकदा टिकलेली जागा दुसऱ्यांदा टिकते, बाजूची टिकेलच असं नाही. एकतीस वर्षं पाऊल न मोडता चालल्यावर आता त्यांचं ते ठरूनच गेलं होतं. वस्तीने रोज जाणारीच पावलं पाहिली, कारण येणारी त्यांच्याच आत होती.

"मग तुम्ही परत आलात का नाही, ते कसं कळायचं कोणाला?" मी विचारलं.

बाबा खाली बसले आणि पाळीच्या पायथ्याचं पाऊल मला बोटाने दाखवलं. पाळीच्या आडोशाला ते अगदी ठसठशीत उमटलं होतं.

"हे पाय," ते म्हणाले. "जाताची टाच इकडे, येताची टाच तिकडे. माणूस वापस आला असन तर पावलाले दोन टाचा राहतात. एकच टाच दिसली तर समज, तो अजून आतमध्येच आहे."

खरंच दोन्ही टोकांना टाच होती. बोटांच्या जागी दुसरी टाच बसली होती. सगळं साधं निघालं, आणि मला इतकं हलकं वाटलं की मी हसत सुटले. वस्तीतल्या बायांना सांगून टाकू म्हटलं. बाबा नको म्हणाले. पोरं यायला लागतील मागे, भूत आहे तेच बरं आहे. त्या दिवशी मी त्यांच्याकडून वचन मागितलं, उद्यापासून जाणार नाही म्हणा. त्यांनी दिलं नाही. टोळी परत कामावर आली की थांबतो, त्याआधी नाही, एवढंच म्हणाले. एकटा माणूस फक्त वस्तीकडची बाजू ओली ठेवू शकत होता, आणि एक दिवस खंड पडला तरी राख आत येत होती.

म्हणजे आता सगळं माझ्यावर होतं. टोळी लागेपर्यंत माझा बाप रोज भरदुपारी त्या सायीवरून चालणार होता.

मी साहेबांकडे गेले. आमचे साहेब वाईट माणूस नाहीत, हुशार आहेत आणि तोंडावर खरं बोलतात. मी सांगितलं, आपल्या रिपोर्टात चूक आहे, धूर गेला पण राख आली, आणि ती थांबवायला यंत्र नको, आठ माणसं हवीत. साहेब म्हणाले, मंजूर झालेल्या कागदात चूक काढायची म्हणजे सगळंच अडकेल, पॅनलचं कामही. आणि पैसा फक्त नव्या रोजगाराला आहे. जुन्याच माणसांना जुन्याच कामावर ठेवलं तर तो नवा रोजगार कसा? त्यांनी मला फवारणी करणाऱ्या गाडीचं माहितीपत्रक दाखवलं. ती गाडी पहिल्याच चाकात रुतली असती, पण पत्रकातल्या चित्रात ती हिरवळीवर उभी होती.

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असं मी तोंडावर म्हटलं. मग घरी येऊन रात्रभर तळमळले आणि सकाळी मलाच सुचलं. ही माणसं तिथे कधी होती? कोणत्या वहीत? एकतीस वर्षांत एका कागदावर त्यांचं नाव नाही. ज्यांना कोणी कधी मोजलंच नाही, ते कागदाच्या हिशेबाने नवेच की! मी तसं लिहून नेलं. साहेबांनी ते दोनदा वाचलं. नंतर म्हणाले, हे खोटं नाही, आणि म्हणूनच वाचायला त्रास होतो आहे. त्यांनी सही केली. आठ नवे रोजगार. धूळ रोखणे, हरित काम. बाबांचं वय बसत नव्हतं, त्यांच्या जागी टोळीतल्या त्यांच्या जोडीदाराचा पुतण्या घातला.

मंजुरी यायला तीन आठवडे लागले. त्या तीन आठवड्यांत मी रोज दुपारी अडीचला आईला फोन करायची आणि एकच विचारायची, आले का? आई म्हणायची, आले, जेवून राहिले. मला झोप लागायची ती त्या एका वाक्यावर. एकदा बाबांनी स्वतःच फोन घेतला. म्हणाले, तळं वाळून राहिलं तसतशी वाट बदलून राहिली, रोज नवीन जागी पाऊल टाकून पाहावं लागते. मी म्हटलं, बाबा, चार दिवस, फक्त चार दिवस थांबा. ते म्हणाले, वारा थांबते का चार दिवस?

मंजुरीचं पत्र आलं तो दिवस मला पूर्ण आठवतो, नको असताना आठवतो. त्याच दिवशी पाचच्या आत आठही जणांच्या सह्या घेऊन कागद परत द्यायचे होते, नाहीतर प्रकरण पुढच्या महिन्यावर गेलं असतं. मी गाडी काढली आणि थेट केंद्राच्या फाटकाकडे निघाले, तिथे सगळे जमणार होते. फाटकाचा रस्ता पाळीवरूनच जातो. दीड वाजून गेला होता. मी गाडी थांबवली. बाबांना पत्र दाखवायचं होतं, दुसरं काही नाही. आजचं शेवटचं, आता घरी बसा, असं म्हणायचं होतं.

तळं रिकामं होतं. वस्तीकडची बाजू ओली आणि काळी. पावलं पाळीपासून मधोमध गेलेली, एकेरी, सरळ. विहिरीपाशी कोणी नाही. पाळीवर एक कुत्रं उभं होतं आणि मधोमध बघत होतं.

मी मनात म्हटलं, झालं त्यांचं काम, गेले घरी. एकेरी पावलं बघून मला भीती वाटली नाही, कारण मला आता माहीत होतं ना! वस्तीतल्या अडाणी बाया घाबरतात, मी नाही. पायथ्याचं पाऊल माझ्यापासून पंधरा पावलांवर होतं. खाली उतरायचं तर चपलेत राख जाईल आणि फाटकावर माणसं खोळंबली आहेत, एवढाच विचार केला. हाकसुद्धा मारली नाही. ते त्या वेळी विहिरीच्या भिंतीआड सावलीत बसले होते का? मी हाक मारली असती तर उठून हात केला असता का? का तोवर सगळं होऊन गेलं होतं? मला कधीच कळणार नाही.

सह्या झाल्या. आठही जणांनी कागदावर आपलं नाव पहिल्यांदाच छापलेलं पाहिलं, आणि बाबांचा जोडीदार, ज्याला मी काका म्हणते, तो नावावरून बोट फिरवत राहिला. त्या गडबडीत अडीचचा फोन करायचा राहून गेला. चार वाजता आईचाच आला.

"तुहे बाबा जेवायले नाही आले अजून," ती म्हणाली. "तिकडे आहेत का तुह्यापाशी?"

आम्ही पळालो. वारा सुटला होता, आणि तळ्यावर राख उठली होती. मधली सगळी पावलं पुसून गेली होती, तळं पाटीसारखं कोरं झालं होतं. फक्त पाळीच्या आडोशाला, पायथ्याशी, पहिलं पाऊल तसंच होतं. मी खाली उतरले, गुडघ्यांवर बसले आणि पाहिलं.

एकच टाच होती.

तीन दिवस शोधलं. फळ्या टाकल्या, दोर टाकले, मोठं यंत्र आणलं ते काठावरच रुतलं. व्हॉल्व्ह नीट बंद केलेला होता आणि चाकाला त्यांचा दुपट्टा बांधलेला होता, बाकी काही नाही. म्हणजे काम संपवून ते निघाले होते. तिसऱ्या दिवशी अधिकाऱ्यांनी शोध थांबवला. विहारात बाबांच्या पुण्यानुमोदनाचा, म्हणजे गेलेल्यासाठीच्या वंदनेचा, दिवस ठरला. आई रडत नव्हती. ती दुपारी एक ताट पालथं मांडायची आणि संध्याकाळी उचलायची, आणि त्या तीन दिवसांत कोणी पाणी न मारल्यामुळे ताटाच्या पाठीवर राख साचायची. मला तिच्याकडे बघवत नव्हतं. तिने मला एका शब्दाने दोष दिला नाही, आणि मी तिला अजून सांगितलेलं नाही की दीड वाजता मी पाळीवर उभी होते.

चौथ्या दिवशी टोळी कामावर आली. नवे पाइप आले होते, हजेरीची वही आली होती. काकाने ते पहिलं पाऊल एक घमेलं पालथं घालून तीन दिवस जपलं होतं, वर दगड ठेवून. तो माझ्याजवळ आला आणि घमेल्यावरचा दगड बाजूला केला.

"पाणी सोडा लागते बाई," तो म्हणाला. "राख लय उडून राहिली. पण नव्या पाइपाचं पाणी इथवर येते, ते सोडलं का हे राहत नाही."

मी खाली उतरले. बाकीचे सात जण पाळीवर मान खाली घालून उभे राहिले. मी घमेलं उचललं. पाऊल होतं तसं होतं, बोटं तळ्याकडे, टाच घराकडे. मी चपला काढल्या. राख पोळत होती. तळ्याकडे पाठ केली, वस्तीकडे तोंड केलं, आणि त्या पावलात माझं पाऊल ठेवलं. माझा पाय त्यांच्यापेक्षा लहान आहे. त्यांची बोटं जिथे उमटली होती तिथे मी टाच टेकवली आणि सगळा भार देऊन दाबली.

मग बाजूला झाले आणि काकाला म्हटलं, सोडा पाणी.